शुक्रावरची हवा

त्या वर्षी मला एका जागी बसवत नसे. भाकरी खाता खाता मी दोनदा उठून दाराशी जाऊन यायची, पुस्तक उघडलं की पाय आपोआप हलायला लागायचे, आणि आई म्हणायची, या पोरीच्या अंगात वारा शिरलाय. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वय होतं पंधरा, नववीची परीक्षा नुकतीच झालेली, एवढं म्हणून हात झटकता येतात; पण माझ्या बरोबरीच्या मुली निवांत ओटीवर बसून केसांना तेल लावत होत्या, आणि मी मात्र खारबांधावरून उगाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत सुटायची. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. मधली ती मातीची भिंत नसती तर एका उधाणात सगळं शेत खारं झालं असतं. हे आम्हाला चालता यायला लागल्यापासून माहीत होतं, त्यामुळे त्याचं काही वाटत नसे.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला. बाबा पावसाळ्यात आपल्या शेतावर आणि एरवी मिठागरावर. त्यांच्या तळपायांना मिठाने चिरा पडलेल्या, आणि संध्याकाळी आई त्यात खोबरेल चोळायची तेव्हा ते डोळे मिटून बसायचे. घरात सकाळ व्हायची ती तांदळाची भाकरी थापण्याच्या आवाजाने. आईचे हात भरभर चालत, मग तव्यावर पाण्याचा चर्र आवाज, मग जवळा भाजल्याचा तो वास, जो शाळेच्या गणवेशालाही लागायचा आणि पनवेलच्या मुली त्यावरून नाक मुरडायच्या. दुपारी चिंचेचं आंबट, त्यात खारवलेले बोंबील. आणि दिवसभर, लांबून, न्हावा शेवाकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची घरघर. तेव्हा ते बंदर नवं होतं. त्या रस्त्याकडे बघितलं की माझे प्रश्न सुरू व्हायचे. लॉरी कुठून येते, कुठे जाते, तिच्यावरच्या लोखंडी पेट्यांतलं सामान कुठल्या देशात उतरतं, असं काहीबाही. आज मी राहते त्या खारघरच्या बाराव्या मजल्यावरून विमानं उतरताना दिसतात, नातवंडं त्यांच्याकडे मान वर करूनही बघत नाहीत, आणि मला मात्र अजून खुर्चीतून उठून खिडकीशी जावं लागतं. ती खोड गेली नाही.

आमच्या घराला लागून धर्माकाकांचं घर. धर्माकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, बाबांहून पाच-सहा वर्षांनी लहान. दोघं मिठागरावर एकत्र, शेतावर एकत्र, चहाला एकत्र. बाबा जितके मुके तितके काका बोलके. करंजाला नात्यातल्या कुणाकडे गेले की येताना ओली मासळी आणत आणि आधी आमच्या दाराशी थांबून म्हणत, "मास्तरीणबाई, बोला, आज काय शिकलाव?" मी शाळेत जाते याचं गावात कौतुक करणारे ते एकटेच. बाकीच्यांना वाटे, मुलगी फार चालली शाळेत. काकांची बायको पारूकाकी. ती अंगाने किडकिडीत, आवाजाने खणखणीत. मूलबाळ नव्हतं. काकी मला कधी प्रेमाने जवळ घेत नसे, पण आमच्याकडे गोडाचं काही नसलं आणि तिच्याकडे असलं तर वाटी भिंतीवरून न बोलता इकडे येई. आमच्या दोन्ही घरांची दारं दिवसा कधी लागलेली मला आठवत नाहीत.

शाळा पनवेलात, एसटीने अर्धा तास. तिथे आम्हाला विज्ञानाला वैद्य बाई होत्या. जुन्या पनवेलात राहणाऱ्या, सडसडीत, कायम फिकट सुती साडी, आणि खांद्याला एक कापडी पिशवी, जिच्यातून कधी भोवरा निघे, कधी भिंग, कधी कांदा. बाई फळ्यावर फार लिहीत नसत. प्रश्न विचारत आणि मग उत्तर यायची वाट बघत खिडकीशी उभ्या राहत. ही वाट बघणं कितीही लांबलं तरी त्यांना अवघडल्यासारखं होत नसे. एकदा त्यांनी विचारलं, "एखाद्या ग्रहावर जीव राहायचा असेल, तर त्या ग्रहाकडे काय काय असावं लागेल?" मी पटकन म्हणाले, पाणी. आमच्या गावात एप्रिल-मेला पाण्याचे जे हाल होत, ते बघता दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. बाई म्हणाल्या, बरोबर, पण पाणी टिकायला काय हवं? कुणीतरी म्हणालं, सूर्यापासून बेताचं अंतर हवं. जवळ गेलं तर वाफ, लांब गेलं तर बर्फ. बाई म्हणाल्या, हेही बरोबर, मग चंद्राचं काय? चंद्र तर सूर्यापासून आपल्याइतक्याच अंतरावर आहे, मग तिथे गवताची काडी का नाही? बाई खिडकीशी. शेवटी त्यांनीच सांगितलं की चंद्र हलका आहे, त्याला आपली हवा धरून ठेवता येत नाही. आणि मग शुक्राबद्दल सांगितलं. तो जवळजवळ पृथ्वीएवढाच, वजनाने तसाच, हवेचं पांघरूण तर आपल्याहून जाड. पण ती हवा कार्बन डायऑक्साइडची, सगळी ऊन धरून ठेवणारी, इतकी की तिथे शिसं ठेवलं तर वितळून वाहील.

मला तो दिवस लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी माझ्या अंगातली चुळबूळ प्रथमच थांबली. किंवा थांबली नाही, तिला जायला एक जागा मिळाली. मी वहीच्या मागच्या पानावर यादी करायला लागले. पाणी. अंतर. वजन. हवा, पण कुठली? नुसतं 'हवा' लिहून भागत नाही हे कळल्यावर मी तो शब्द खोडला, परत लिहिला, परत खोडला. बाईंनी ते पान पाहिलं आणि मला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभं करायचं ठरवलं. परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात स्पर्धा, पाच मिनिटांचं भाषण, विषय हाच.

भाषणाची तयारी करायला बाईंनी मला घरी बोलावलं आणि एक प्रयोग दाखवला. काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत खायचा सोडा, त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं, शांत झालं. बरणीत फेसाच्या वर काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी ती बरणी जळत्या मेणबत्तीवर अलगद तिरपी केली, पाणी ओततात तशी, पण आतला रस खाली पडू न देता. काहीही सांडलं नाही. मेणबत्ती विझली. बाई म्हणाल्या, ही हवा आपल्या हवेहून जड असते, पाण्यासारखी खाली जाऊन बसते, दिसत नाही, आणि तिच्यात ना ज्योत जगते ना माणूस. घरी येऊन मी तो प्रयोग किती वेळा केला याची गणती नाही. आईचा सोडा संपला, लिंबं संपली, तिने एकदा पाठीत धपाटाही घातला. बाबा एकदा मिठागरावरून आले तेव्हा मी त्यांना दाखवला. त्यांनी चूळ भरून, तोंड पुसून, उकिडवं बसून तो बघितला. मेणबत्ती विझल्यावर त्यांनी काडीने ती परत पेटवली आणि म्हणाले, "परत कर." मी परत केला. ते उठून गेले. काका तेव्हा करंजाला गेले होते. ते असते तर त्यांनाही दाखवला असता. हे वाक्य मी इतक्या वर्षांत मनात किती वेळा म्हटलं असेल.

त्या उन्हाळ्यात पाण्याचे फारच हाल झाले. गावाला नळ आला होता, पण नळाला पाणी नव्हतं. गावातली वापरातली विहीर मचूळ झाली, भात शिजवला तरी जिभेला खारट लागायचा. टँकर येई तो आठवड्यातून एकदा, आणि तोही न चुकता येईल असं नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी टेकडीच्या पायथ्याच्या जुन्या विहिरीची आठवण काढली. तिचं पाणी गोडं होतं, असं सगळे सांगत. नळ आल्यावर ती फळ्या टाकून, वर माती लोटून बंद केली होती. मधल्या वर्षांत फळ्यांच्या फटींतून पालापाचोळा आत पडत राहिला होता. तिथे पाण्यातल्या देवता, आसरा, आहेत, त्या माणूस धरतात, असंही काही बायका म्हणायच्या, पण तहानलेल्या गावाला आसरांची भीती किती दिवस पुरणार? विहीर उघडायची, गाळ काढायचा आणि पहिल्या बादलीचं पाणी देवाला न्यायचं, असं ठरलं. उतरायला दोन माणसं नेहमीची, बाबा आणि धर्माकाका. वार ठरला तो नेमका माझ्या भाषणाचा.

त्या सकाळी मी निळ्या रिबिनी बांधून, इस्त्रीचा गणवेश घालून तयार होते. बाबा अंगणात दोराचं वेटोळं खांद्यावर घेत होते. आदल्या संध्याकाळी फळ्या काढल्या तेव्हा मीही बघायला गेले होते. आतून कुजक्या पानांचा जड वास आला होता आणि विहिरीचा तळ काळा दिसत होता. दोर बघून मला तो वास आठवला, आणि मी वेणी आवळता आवळता म्हणाले, "बाबा, इतकी वर्सं बंद होती इहीर. खाली ती वाईट हवा बसली असंल. आदी कंदील सोडून बगा." बाबा म्हणाले, "बगू." बस, एवढंच. मी पुन्हा म्हणाले नाही. माझ्या डोक्यात भाषणाची पहिली ओळ होती, एसटी चुकायची भीती होती, आणि खरं सांगायचं तर मी बोलले ते स्वतःचं ज्ञान दाखवायला जास्त आणि काळजीने कमी. मी पारूकाकीच्या दारावरून धावत गेले. काका आत चहा पीत होते. त्यांनी हाक मारून विचारलं, मास्तरीणबाई, पयला नंबर आणणार ना? मी धावता धावता मान हलवली.

स्पर्धा पनवेलच्या एका शाळेच्या मोठ्या दालनात होती. पंखे होते पण वारा नव्हता. माझा क्रमांक सातवा. आधीच्या मुलांनी देश, स्वच्छता आणि परिश्रम यांवर मुठी आवळून भाषणं केली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी व्यासपीठावर गेले आणि सुरुवात चांगली झाली. अंतराचं सांगितलं, चंद्राचं सांगितलं, लोक ऐकत होते. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. मग मी शुक्रावर आले. वाक्य पाठ होतं: हवा आहे म्हणून श्वास घेता येईलच असं नाही. ते तोंडातून बाहेर पडलं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही. डोळ्यांसमोर आदल्या संध्याकाळचा तो काळा तळ आला, आणि बाबांचं 'बगू'. 'बगू' म्हणजे आमच्याकडे 'नाही'. मला ते तिथे, माईकसमोर कळलं. परीक्षकांतल्या एकाने पेन खाली ठेवलं. मागून कुणीतरी हसलं. एका शिक्षकांनी पुढचा शब्द हळूच सुचवला. मी तो ऐकला, मला तो माहीतही होता. पण मी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले आणि दारातून बाहेर चालू लागले, मग धावू लागले.

बाई मागून आल्या. फाटकाशी त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, काय झालं? मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या एरवी उत्तराची वाट बघत उभ्या राहणाऱ्या बाई, पण त्या क्षणी त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. समोरून जाणारी रिक्षा थांबवली आणि मला आत ढकललं, स्वतः बसल्या. वाटेत लॉऱ्यांची रांग. रिक्षावाला कडेच्या धुळीतून काढत होता. मी पुढच्या दांडीला धरून अर्धी उभी होते, जणू त्याने रिक्षा लवकर गेली असती. बाई एकदाच बोलल्या, "कंदील न विझता खाली टेकला तरच माणूस उतरवायचा. लक्षात ठेव." खारबांधापाशी रस्ता संपला. मी चपला तिथेच टाकल्या आणि बांधावरून धावले. मी त्या बांधावरून इतके दिवस उगाच चालत असे. त्या दिवशी तो कधी संपेल असं झालं.

विहिरीवर पोहोचले तेव्हा बायका गोळा झाल्या होत्या. पारूकाकी काठावर ओणवी होऊन खाली हाका मारत होती. बाबा कमरेला दोर बांधत होते. त्यांना बघून मी थांबले, कारण ते वर होते. मग मी खाली बघितलं. भिंतीतल्या दगडी टप्प्यांवरून धर्माकाका उतरले होते, दोर न लावता. त्यांना ते टप्पे लहानपणापासून पाठ होते. तळाच्या गाळात ते कुशीवर पडलेले दिसत होते. झोपल्यासारखे. कुणीतरी सांगितलं, शेवटच्या दोन टप्प्यांवर हात सुटले, आता हाकेला ओ देत नाहीत. बाबांचं एक पाऊल काठावर होतं. बाकीचा दोर जमिनीवर वेटोळं होऊन पडला होता. मी जाऊन त्या वेटोळ्यावर बसले.

"मंदा, ऊठ," बाबा म्हणाले.

"आदी कंदील सोडा. ईजला नाय तर जा."

"तो खाली पडलाय. ऊठ."

मी उठले नाही. त्यांनी हात उगारला. त्याआधी कधीच उगारला नव्हता. पारूकाकी म्हणाली, "दादा, पोरीचं काय ऐकताव, उतरा." तिचा आवाज तेव्हा खणखणीत नव्हता. कुणीतरी माझ्या दंडाला धरून ओढू लागलं. मी दोराला मिठी मारली, आणि रडत रडत बाबांना म्हणाले, ती मेणबत्ती आठवा, मी दोनदा विझवली ती. बाबांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी जवळच्या घरातून कंदील आणायला सांगितलं. तो पेटवून, सुतळीला बांधून त्यांनी स्वतः खाली सोडला. अर्ध्या विहिरीपर्यंत तो नीट जळला. त्याखाली ज्योत लहान झाली, निळी झाली, आणि काकांच्या डोक्याच्या हातभर वर असतानाच विझली. वारा नव्हता. कुणी फुंकर मारली नव्हती. सगळ्यांनी ते बघितलं. माझा दंड सुटला.

तेवढ्यात बाई पोहोचल्या, पदर खोचलेला, पाय चिखलाने भरलेले. त्यांनी आंब्याच्या पानाळ फांद्या तोडायला सांगितल्या. भारा दोराला बांधून पुरुषांनी तो जोरजोराने खाली-वर करायला सुरुवात केली, ताक घुसळावं तसा. बायकांनी मचूळ विहिरीचं पाणी हंड्यांनी आणलं आणि बाईंनी दाखवलं तसं ते वरून शिंपडत ओतायला लागल्या. पिण्याजोगं नसलेलं ते पाणी त्या दिवशी कामाला आलं. पारूकाकीही हंडे आणत होती. कुणी तिला थांबवलं नाही, थांबवलं असतं तर ती थांबलीही नसती. दुसऱ्यांदा कंदील सोडला, विझला. पुन्हा फांद्या, पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा तो खाली टेकला आणि जळत राहिला. मग बाबा उतरले, कमरेला दोर आणि तोंडाला ओलं फडकं बांधून. या सगळ्याला किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. पारूकाकी म्हणायची, तास गेला. बाई म्हणायच्या, दहा-पंधरा मिनिटं. बाबांना विचारलं तर ते उठून बाहेर जात.

काकांना वर घेतलं, मिठाच्या टेम्पोत घालून पनवेलला नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली. कधी गेले असतील, हे बाईंनी त्यांना माझ्यासमोर विचारलं. ते म्हणाले, अशा हवेत फार वेळ लागत नाही, बहुधा पडल्यावर लगेचच. पण नक्की सांगता येणार नाही. त्यातलं 'बहुधा' आणि 'नक्की सांगता येणार नाही' हे दोन तुकडे मी घरी घेऊन आले.

पुढे कितीतरी वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. आता तर लांबच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडतात, बातम्या येतात, बेताच्या अंतरावरचा ग्रह मिळाला, तिथे पाणी असेल, जीव असेल. शेवटची काही वर्षं मुलं ती कात्रणं घेऊन माझ्याकडे यायची. मी त्यांना विचारायची, हवा कुठली आहे ते लिहिलंय का? ती म्हणायची, अजून कळलं नाही. मी म्हणायची, मग अजून काहीच कळलं नाही. बाकी गोष्टी जमून आल्या म्हणजे झालं, असं नसतं. पृथ्वीवरसुद्धा, बारा हात खाली, दुसरा ग्रह असतो. हे मी वर्गात कधी बोलले नाही. इथे लिहिते आहे.

गावात दोन तट पडले. काही म्हणाले, पोरीने बापाला वाचवलं. काही म्हणाले, पोर आडवी आली नसती तर धर्मा वाचला असता. आसरांनी आपला वाटा घेतला म्हणणारे वेगळेच. आईने सोड्याचा डबा फेकून दिला आणि महिनाभर माझ्याकडे सरळ बघितलं नाही. तिचा दीर गेला होता आणि नवरा राहिला होता, आणि यातल्या कशाबद्दल काय वाटून घ्यावं हे तिला कळत नव्हतं. पारूकाकीचं दार दिवसा लागायला लागलं. विहीर मात्र दहाव्यानंतर साफ केली, दरवेळी आधी कंदील सोडून. पाणी खरोखरच गोडं निघालं. पहिल्यांदा माझ्यापुढे तांब्या आला तेव्हा मी तो परत हंड्यात ओतला.

पावसाच्या तोंडावर एका संध्याकाळी बाबा बांधावर माझ्याशेजारी येऊन बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं: त्या दिवशी पहिलं त्यांनीच उतरायचं ठरलं होतं. काठावरची झुडपं काढण्यात ऊन चढलं, आणि उतरायची वेळ आली तेव्हा त्यांना माझं सकाळचं बोलणं आठवलं आणि पाय उचलेना. ते काकांना म्हणाले, थांब, कंदील घेऊन येतो. काका हसले, म्हणाले, कंदील कशाला, ऊन काय कमी हाय? आणि बाबा घराकडे वळले तसे काका टप्प्यांवरून उतरले. हाका ऐकून बाबा कंदिलाशिवायच मागे फिरले. काकी तिथेच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तू बोललीस म्हनून मी ऱ्हायलो," बाबा म्हणाले. मी बोलले म्हणून ते राहिले, आणि मी बोलले म्हणूनच काका पुढे झाले. मी पुरतं बोलले असते तर दोघं राहिले असते. त्या रात्रीपासून आजपर्यंत हे गणित मी अनेक वाटांनी मांडून बघितलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारूकाकीच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. ती ओटीवर सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती, खडे आणि शिंपल्यांचे कण बाजूला काढत. मी पायरीशी उभी राहिले. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सुपातला हात तसाच चालू होता. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "इतकं अडवलंस, ता बरोबरच व्हतं. दादा उतरले असते तर तेबी गेले असते. ता मला त्याच दिवशी कललं, कंदील ईजला तवा." ती थांबली. "पन सकाली तू माज्या दारावरशी गेलीस. ते चा पीत व्हते. तुज्या बापाला सांगलंस, माज्या मानसाला का नाय सांगलंस?"

मी कितीतरी उत्तरं घेऊन गेले होते. उशीर झाला होता, एसटी होती, भाषण होतं, बाबांना सांगितलं म्हणजे दोघांना सांगितलं असं वाटलं. ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हणाले, "सुचलं नाय, काकी. चुकलं माझं."

तिने मान हलवली. माफ केलं असं त्यात नव्हतं, आणि ते तिने पुढेही कधी म्हटलं नाही. फक्त उत्तर खरं आहे एवढं तिला पटल्यासारखं दिसलं. मग तिने पाय थोडे आखडून घेतले, ओटीवर एकीला बसण्यापुरती जागा केली, आणि सूप दोघींच्या मधे सरकवलं. मी बसले. जवळा बारीक होता, खडे त्याहून बारीक. आम्ही निवडत राहिलो. पलीकडून आईने मला दोनदा हाक मारली, शाळेची एसटी जाईल म्हणून. मी ती जाऊ दिली आणि सूप रिकामं होईपर्यंत तिथून हलले नाही.